बिलोलीहून दवाखाना किती लांब

१९४८ साल म्हटले की नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातले जुने लोक निजामाच्या रझाकारांपासून सुरुवात करतात. अर्जापूरजवळ १९४६ मध्ये स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांची हत्या झालेली होती. शेजारच्या उमरीची बँक स्वातंत्र्यसैनिकांनी ३० जानेवारी १९४८ रोजी लुटली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. पुढचे साडेसात महिने मांजरा-गोदावरीकाठच्या गावांनी जीव मुठीत धरून काढले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. हा इतिहास आपल्याकडे दरवर्षी झेंडावंदनाला सांगितला जातो. पण त्याच वर्षी, २९ मार्चला, मेलबर्नजवळच्या बंडुरा इथल्या माजी सैनिकांच्या मनोरुग्णालयात एका डॉक्टरने एका रुग्णाला लिथियम नावाच्या साध्या क्षाराचा पहिला डोस दिला. बिलोलीतल्या कितीतरी घरांशी त्या डोसाचा संबंध पुढे यायचा होता, आणि तो फार उशिरा आला.

डॉक्टरचे नाव जॉन केड. सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी पकडलेला हा माणूस तीन वर्षांहून अधिक काळ चांगीच्या छावणीत युद्धकैदी होता. सुटून आल्यावर इस्पितळाच्या आवारातल्या जुन्या स्वयंपाकघरात त्याने गिनीपिगांवर प्रयोग मांडले. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काहीतरी विष असावे असा त्याचा तर्क होता. तो तर्क चुकीचा निघाला. पण युरिक आम्ल विरघळावे म्हणून वापरलेल्या लिथियमने ते चपळ प्राणी शांत झाले, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिले आणि मग रुग्णाला दिले.

त्या पहिल्या रुग्णाला केडने आपल्या निबंधात फक्त ‘डब्ल्यू. बी.’ म्हटले आहे. वय ५१. पाच वर्षे सलग उन्मादात. अस्वच्छ, मोडतोड करणारा, सगळ्यांच्या मध्ये मध्ये करणारा. वॉर्डातला सर्वांत त्रासदायक रुग्ण म्हणून ओळखला जाणारा. चौथ्या-पाचव्या दिवशी फरक दिसू लागला. तीन आठवड्यांत त्याला बऱ्या होत आलेल्यांच्या वॉर्डात हलवले. ९ जुलैला तो घरी गेला आणि आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. पाच वर्षे ज्याच्याकडे इस्पितळाने आशा सोडून पाहिले होते, तो माणूस पगार घेऊन घरी येऊ लागला. केडचा निबंध ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त ३ सप्टेंबर १९४९ रोजी छापून आला. त्यात उन्मादाचे दहा रुग्ण होते आणि दहाही जण सुधारले होते.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. डब्ल्यू. बी. ला बरे वाटू लागले, तसे त्याने औषध टाळायला सुरुवात केली. सहा आठवडे गोळी बंद राहिली आणि जानेवारी १९४९ च्या अखेरीला तो पुन्हा त्याच इस्पितळात, त्याच अवस्थेत दाखल झाला. लिथियम पुन्हा सुरू केले, पुन्हा सुधारला, घरी गेला. पण रक्तात हा क्षार किती झाला आहे हे मोजायची सोय तेव्हा नव्हती. मे १९५० मध्ये तो लिथियमच्याच विषबाधेने गेला. म्हणजे औषध लागू पडले होते, आजार ओळखण्यात चूक नव्हती, डॉक्टर प्रामाणिक होता. घात केला तो दोन गोष्टींनी. बरे वाटल्यावर सुटलेली गोळी आणि न झालेली रक्ततपासणी. उन्माद आणि उदासीच्या या बायपोलर आजाराचा मराठवाड्यातला इतिहास बघताना ही दोन कारणे पुन्हा पुन्हा समोर येतात, म्हणून त्या परक्या माणसाची हकीकत इतकी सविस्तर सांगितली.

हा आजार मात्र १९४८ ला नवा नव्हता. फ्रान्समध्ये फाल्रे आणि बायार्जे यांनी १८५० च्या दशकातच लिहून ठेवले होते की एकाच माणसात उन्माद आणि खोल उदासी आळीपाळीने येतात, आणि मधल्या काळात माणूस अगदी शहाणासुरता असतो. जर्मनीत एमिल क्रेपेलिनने १८९९ मध्ये याला ‘मॅनिक-डिप्रेसिव्ह’ असे एकच नाव दिले आणि कायमच्या घसरणीच्या मानसिक आजारांपासून वेगळे काढले. त्याने त्या क्षणाच्या लक्षणांपेक्षा रुग्णाच्या आयुष्याच्या आलेखाकडे पाहिले, हे त्याचे मोठेपण. आजचे निदानही तसेच होते. उन्माद किमान आठवडाभर, किंवा दाखल करावे लागेल इतका तीव्र. उदासी किमान दोन आठवडे. आणि त्यांच्या अलीकडे-पलीकडे हा माणूस कसा होता याची चौकशी. कुठले यंत्र, कुठला फोटो, कुठली रक्ततपासणी बायपोलर दाखवत नाही. सांगणारे घर आणि ऐकणारा डॉक्टर, एवढीच सामग्री.

आणि घर काय सांगते, हे बिलोलीच्या बाजूला सगळ्यांना ठाऊक आहे. “रातभर झोपना, निस्तं बोलतंय, बारा एकर इकून हाटेल टाकतो म्हणतंय.” हे झाले उन्मादाचे वर्णन, आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा ते कमी नेमके नाही. झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलण्याला लगाम नाही, उधळपट्टी, मोठमोठे बेत, अडवले की राग. अशा वेळी घरचे धावतात. पण हाच मुलगा दोन वर्षांनी कापूस वेचणीच्या दिवसांत पांघरूण घेऊन पडून राहिला, जेवेना, मरणाचे बोलू लागला, तर डॉक्टरकडे फक्त उदासी सांगितली जाते. जुना उन्माद कुणी सांगत नाही, कारण मधल्या काळात तो नीट होता आणि ‘तवा त्याला बाहेरचं झालं होतं’ अशी घराने समजूत घालून घेतलेली असते. डॉक्टरने विचारले नाही तर साध्या नैराश्याची गोळी लिहिली जाते. ती एकटी दिली की काही रुग्ण उदासीतून थेट उन्मादात जातात. म्हणून अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ उदास रुग्णाच्या आईला बाजूला घेऊन आधी वेगळाच प्रश्न विचारतो: “मावशी, याआधी कधी पोरगं लईच खुशीत होतं का? झोप नसताना नुसतं पळत होतं का?” हा एक प्रश्न कित्येक वर्षांचे चुकीचे उपचार वाचवू शकतो. उलट बाजूही आहे. उन्मादात माणूस दारू पितो, मग दारूलाच आजार समजून व्यसनमुक्तीच्या वाऱ्या होतात. त्याला भास होऊ लागले की स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसतो. भारतातल्या रुग्णांमध्ये उदासीपेक्षा उन्मादाच्याच लाटा जास्त दिसतात, असे इथल्या अनेक अभ्यासांनी नोंदवले आहे. पाश्चात्य पुस्तके घोकलेल्या डॉक्टरने हे ध्यानात ठेवलेले बरे.

निजामाच्या राज्यात बिलोलीचा असा रुग्ण कुठे जायचा? संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्याला होते. बिलोलीच्या गाडीवाटेपासून जालना म्हणजे परमुलूखच. १९५० च्या दशकात ते हैदराबादला एर्रागड्डा इथे हलले आणि मराठवाड्यात काहीच उरले नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्ये झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला. मुधोळ आंध्रात गेले, देगलूरकडची बिचकुंदा-जुक्कलची गावेही गेली, बिलोली इकडे राहिली. सोयरिकी, बाजार, दवाखाने मात्र बोधन आणि निजामाबादच्या वाटेवरच राहिले. मराठी-तेलुगू-उर्दू मिसळून बोलणाऱ्या या पट्ट्यातला रुग्ण एर्रागड्ड्याच्या दारात आता दुसऱ्या राज्याचा झाला.

महाराष्ट्राकडे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आली. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा. चारही इंग्रजी अमलाखालच्या मुलखातली, एकही मराठवाड्यातले नाही. बिलोलीहून येरवडा पाचशे किलोमीटरच्या आसपास. नागपूर त्याहून जवळ, तरी साडेतीनशेच्या पुढे. आणि जायचे कसे, तर १९१२ च्या लुनसी कायद्याने. तो कायदा रुग्णाला बरे करण्यापेक्षा समाजाला त्याच्यापासून वाचवण्यासाठी लिहिलेला होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम, पोलिसाची सोबत, हातात दोर. एका आठवड्याच्या उन्मादासाठी माणूस असा गेला की वर्षानुवर्षे तिथेच राहण्याची भीती. मग घरे दुसरा रस्ता धरत. सैलानीबाबांचा दर्गा, गावोगावचे मांत्रिक, भानामती उतरवणारे. बुलढाण्यातल्या सैलानीला होळीच्या सुमारास आजही मराठवाड्यातून मनोरुग्ण नेले जातात. या लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. जिथे दवाखानाच शेकडो किलोमीटरवर होता, तिथे दर्गा जवळचा ठरला. शिवाय उन्मादाची लाट काही आठवड्यांनी, महिन्यांनी आपोआपही ओसरते. दर्ग्यावर ओसरली तर श्रेय दर्ग्याला जाते आणि पुढच्या लाटेला पुन्हा तिकडेच पावले वळतात. साखळ्या, मिरचीची धुरी, मार हे मात्र अक्षम्य होते आणि आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण जळून गेले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आलेल्या २०१३ च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, धुरी देणे हा गुन्हा ठरवला.

इकडे जग पुढे गेले होते. अमेरिकेत हृदयविकाराच्या रुग्णांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड विकले जात होते. त्यात मृत्यू झाल्यावर १९४९ मध्ये ते बाजारातून काढले, आणि लिथियमच्या नावाला काळा डाग लागला. तो पुसला दोन देशांनी. मेलबर्नमध्येच नोअॅक आणि ट्राउटनर यांनी १९५१ मध्ये रक्तातले लिथियम मोजत शंभराहून अधिक रुग्णांवर ते वापरले. डेन्मार्कमध्ये मोगेन्स शौ यांनी १९५४ मध्ये शास्त्रशुद्ध चाचणी केली. त्यांच्या स्वतःच्या भावाला वारंवार उदासीचे झटके येत. पुढे बास्ट्रुप यांच्यासोबत त्यांनी १९७० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेला प्रयोग फार बोलका आहे. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांपैकी ४५ जणींना तेच औषध चालू ठेवले, ३९ जणींना न सांगता दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. पाच महिन्यांत दुसऱ्या गटातल्या २१ जणी पुन्हा आजारी पडल्या. पहिल्या गटातली एकही नाही. अमेरिकेने त्याच वर्षी लिथियमला मान्यता दिली. जमिनीतून निघणाऱ्या या क्षारावर पेटंट मिळत नाही, म्हणून कुठल्या बड्या कंपनीने त्याची जाहिरात केली नाही आणि तो स्वस्त राहिला. बिलोलीच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. पण स्वस्त गोळीच्या मागे रक्ततपासणी आली, आणि रक्ततपासणीच्या मागे प्रयोगशाळा, डॉक्टर, एस.टी.चे भाडे, बुडालेला रोज.

मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षण आले तेच सावकाश. औरंगाबादचे महाविद्यालय १९५६ चे, अंबाजोगाईचे १९७४ चे, नांदेडचे १९८८ चे. नांदेडला शासकीय रुग्णालयात मनोविकारांवर उपचार मिळू लागले तेव्हा बिलोलीचे अंतर एकदम ऐंशी किलोमीटरच्या आत आले. या लेखातली सर्वांत आनंदाची गोष्ट हीच, आणि इतिहासाच्या पुस्तकांत ती कुठे नोंदलेली दिसत नाही. लुनसीचा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. १९९३ मध्ये तो प्रत्यक्ष अमलात आला.

त्याच १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. ढिगारे उपसून झाल्यावर मनाचे काय, हा प्रश्न मराठवाड्यात बहुधा पहिल्यांदाच सरकारी पातळीवर विचारला गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने भूकंपाच्या आरोग्यावरील, विशेषतः मानसिक आरोग्यावरील परिणामांचा प्रकल्प पुण्याच्या डॉ. मोहन आगाशे यांच्याकडे सोपवला. लोक त्यांना नट म्हणून ओळखतात, ते बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचे प्राध्यापक होते. मानसोपचाराची पथके खेड्यात येऊन ओट्यावर बसू शकतात, रुग्णाने येरवड्याला जायलाच हवे असे नाही, हे किल्लारीच्या काळात लोकांनी पाहिले. भूकंप आला नसता तर हे कधी घडले असते, या विचाराने वाईट वाटते.

खेड्यातच उपचार करता येतात हे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात दाखवले होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला थोडे प्रशिक्षण, मोजकी औषधे, आणि जिल्ह्याला एक तज्ज्ञ. त्यावरच १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम बेतला गेला. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे महाराष्ट्राने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन उदास माणूस हेरू लागली. चांगलेच झाले, पण ती उदासी विचारते, उन्मादाची लाट तिच्या प्रश्नांत सहज येत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या दर शंभर रुग्णांपैकी सत्तर जण उपचारांबाहेर आढळले. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यातलेच हजारी तीनचे प्रमाण धरले तर दीड लाखांहून अधिक वस्तीच्या बिलोली तालुक्यात साडेचारशे-पाचशे माणसे या आजाराने ग्रासलेली असणार. ती कुठे आहेत, कोणाच्या नोंदीत आहेत, हे विचारायला हवे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. साखळी, भूल न देता दिलेले विजेचे झटके, दोन्ही बंद. त्यातली एक तरतूद बायपोलर रुग्णासाठीच लिहिल्यासारखी आहे. माणूस शुद्धीत, शांत असताना आधीच लिहून ठेवू शकतो: पुढची लाट आली तर मला कसे उपचार द्या, कोणते देऊ नका, माझ्या वतीने कोण बोलेल. उन्मादात ‘मला काही झालेले नाही’ म्हणणारा माणूस आणि त्याला जबरदस्तीने गाडीत घालणारे भाऊ, या दोघांत पुढे आयुष्यभर जो दुरावा राहतो, तो या कागदाने टळू शकतो. खेड्यात हा कागद भरलेला माझ्या पाहण्यात नाही. दहा ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक मात्र हळूहळू माहीत होतो आहे.

आता प्रश्न उरतो तो चालू उपचारांचा, आणि इथे हवामानसुद्धा आजाराचा भाग होते. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान हवी, १.५ च्या वर विषबाधा. मूत्रपिंडाला शरीरातले मीठ कमी पडले की ते लिथियम धरून ठेवते. मे महिन्यात बिलोलीचा पारा ४४ च्या पुढे जातो. उन्हात दिवसभर घाम गाळणारा, जुलाब झालेला, किंवा रक्तदाबासाठी अचानक मीठ सोडलेला रुग्ण त्याच नेहमीच्या गोळीने विषबाधेत जाऊ शकतो. हात जास्त थरथरणे, जीभ जड होणे, उलट्या, झोकांड्या ही खूण. त्यात गावात कंबरदुखीला सर्रास मारले जाणारे डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन पातळी आणखी वर नेते. म्हणून एप्रिलमध्येच रुग्णाला सांगायचे: पाणी आणि मीठ नेहमीसारखे ठेव, कुठल्याही डॉक्टरला आधी लिथियमचे नाव सांग, जुलाब-उलट्या लागल्या तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठ. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी काढायचे, म्हणजे रात्री नऊला गोळी घेतलेल्या माणसाने सकाळी नऊला हात पुढे करायचा. थायरॉइड आणि क्रिएटिनिन दर सहा महिन्यांनी. हे रक्त बिलोलीच्या ग्रामीण रुग्णालयात काढून नांदेडला पाठवता आले, तर रुग्णाचा अख्खा दिवस आणि रोज वाचतो. गोळ्या सुटण्याचे निम्मे कारण तिथेच संपेल, असे मला वाटते.

गोळ्या सुटण्याचे दुसरे कारण लग्न. ‘लग्न केलं की ठीक होईल’ म्हणून सोयरीक जमते, सासरी कळू नये म्हणून हळदीच्या आठवड्यात मुलीच्या गोळ्या बंद होतात, जागरणे होतात, आणि झोपमोड हा उन्मादाचा सर्वांत भरवशाचा निरोप्या. दोन महिन्यांत मुलगी माहेरी परत येते, ‘वेडी’ म्हणून. मुलाच्या बाबतीत हेच झाले तर सुनेच्या पायगुणावर जाते. शिवाय तरुण बायकांना व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचे दुसरे औषध देणे पोटातल्या बाळासाठी घातक असते, आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडे आजार उलटण्याचे सर्वांत धोक्याचे. म्हणून लग्नाची बोलणी सुरू होतानाच मुलीला, तिच्या आईला आणि जमल्यास होणाऱ्या नवऱ्याला डॉक्टरसमोर बसवले पाहिजे. आजार सांगून जमलेली, पंधरा-वीस वर्षे टिकलेली लग्ने या भागात आहेत. त्या घरांत नवराच सकाळ-संध्याकाळ गोळीची आठवण करतो, झोप दोन रात्री कमी झाली की तिसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरतो, आणि दाखल करायची वेळ बहुधा येत नाही.